मास्तरांवर पूर्ण विश्वास

मला एक वाईट खोड आहे. मनात आलं की तोंडातून गेलंच समजा. शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते तेव्हा हेडमास्तरांच्या धाकानं ती जरा दबून होती. रिटायर झाले, मैदानावरच्या कट्ट्यावर जाऊन बसायला लागले आणि खोडीला मोकळं रान मिळालं.

कट्टा म्हणजे काही खास नाही. आमच्या सोलापुरातल्या एका मैदानाच्या कडेची सिमेंटची लांब पायरी. समोर आमचा फुटबॉल क्लब रोज संध्याकाळी सराव करतो. माझे वडील गिरणीच्या टीमचे गोलकीपर होते, त्यामुळं हे वेड घरातूनच आलं. पुण्याचे नातेवाईक मला विचारतात, सोलापुरात फुटबॉल कोण बघतं? मी म्हणते, मी बघते, बास झालं की!

कट्ट्यावर माझ्या जोडीला एसटीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हरसाहेब असतात. मूळचे श्रीपूरकडचे, भाऊबंद निम्मे साखर कारखान्यात. आमचं दोघांचं काम एकच. क्लबात कोण येणार, कोण जाणार, पैसा कुठून येणार आणि कुठं जिरणार, याचे अंदाज बांधत बसायचं. ड्रायव्हरसाहेब मोबाइलवर परदेशातल्या क्लबांच्याही बातम्या बघतात. कुठल्या बड्या क्लबाचा मालक म्हणाला की ‘आमच्या कोचवर आमचा पूर्ण विश्वास आहे’, की हे मोबाइल खिशात घालून निकाल देतात, “ग्येलं ह्ये. बिस्तारा बांदला म्हनून समजा.”

“तुम्हाला हो कसं कळतं?” मी पहिल्यांदा विचारलं होतं.

“बाई, कारखान्याच्या सभा बगितल्याती की मी. चेअरमन माइकवर म्हनला, एमडीसायबांवर आपला पूर्ण इश्वास हाय, की आमी मांडवातनं बाहेर पडता पडता नव्या एमडीचं नाव काडायचो. कवा चुकलो न्हाय.”

आणि खरंच, आठवड्याभरात त्या परदेशी कोचची गच्छंती व्हायची. मी आ वासून बघायची. पुढं पुढं मीही तयार झाले. क्लबात काय शिजतंय ते मला वासावरून कळतं, अशी माझी ख्याती झाली आणि मला तिचा, खोटं कशाला बोलू, भारी अभिमान वाटायचा.

आमच्या क्लबाच्या कोचना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले मास्तर नव्हेत. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी आणि मैदानावर तोंडाला येईल ते. मागांच्या खडखडाटात उभी हयात गेल्यामुळं त्यांना ऐकू कमी येतं. शेजारी उभं राहून ओरडलं तर कळतं, दहा पावलांवरचं काही कळत नाही. म्हणून त्यांनी सगळा खेळ हाताच्या खुणांवर बसवलाय. मूठ छातीशी नेली की मागं थांबा, बोटं हवेत फिरवली की बाजू बदला, दोन्ही तळवे आपल्याकडं ओढले की बाहेर बसलेल्या गड्यानं आत यायचं. पोरं त्यांच्या हातांकडं बघत खेळतात.

पगार म्हणाल तर एक रुपया नाही. कारखाना सुटला की सायकल थेट मैदानावर. एकदा माझ्या शेजारी बसून बूट बांधता बांधता म्हणाले, “अक्का, दिवसभर डोक्यात माग चालू असतो. हितं येऊन शिट्टी वाजवली की बंद पडतो. तेवढा दीड तास मी माणूस असतो.” मी त्यावर काही बोलले नाही. माझ्यासारखी बाई गप्प बसली, यावरून काय ते ओळखा.

त्यांच्यात दोष एकच. बरोबरी. आमची टीम फारशी हरत नाही, पण जिंकेल तर शपथ! त्या हंगामात या बरोबऱ्यांनी आम्हाला पार तळाला नेऊन ठेवलं. एकच सामना उरला होता, रविवारचा. तो जिंकला तरच वरच्या गटात टिकणार, बरोबरी झाली तरी खाली. त्यात जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेची नोटीस आली की थकलेली फी शनिवारपर्यंत भरा, नाहीतर रविवारचा सामना न खेळताच समोरच्या टीमला देऊ. क्लबाच्या तिजोरीत काय होतं? तिजोरीच नव्हती. एक प्लॅस्टिकची फाइल होती.

त्या आठवड्यातल्या सोमवारी मी बाजारात गेले होते. चादरीच्या दुकानात आमचे खजिनदार उभे. हा माणूस झेरॉक्सचं दुकान चालवतो, स्वभावानं इतका गरीब की गिऱ्हाइकानं सुटे दिले नाहीत तर स्वतःच ‘सॉरी’ म्हणतो. त्यांनी एक भारीतली चादर घडी करून घेतली. मग समोरून नारळ घेतला. मग फेट्याचं कापड. मला बघितलं आणि पिशवी पाठीमागं लपवली.

आता आमच्याकडं माणसाला काढायची एक रीत आहे. हाकलत नाहीत, सत्कार करतात. खांद्यावर चादर, हातात नारळ, डोक्याला फेटा, ‘त्यांचं मार्गदर्शन यापुढेही आपल्याला लाभत राहो’ असं एक वाक्य, टाळ्या. दुसऱ्या दिवशी खुर्चीत दुसराच बसलेला. शाळेत असे कितीतरी सत्कार मी उभे केलेत, हारांची बिलं मीच लावलीत. मला काय सांगता!

तशीच मैदानावर गेले. धाप लागली होती तरी बसायच्या आधी बोलले, “मास्तर चालले. सत्काराची चादर घेतलेली मी या डोळ्यांनी बघितली.”

“चादर घेतली?” ड्रायव्हरसाहेबांनी मान हलवली. “मग संपलं की, बाई.”

समोर पोरं बूट बांधत होती. त्यांनी ऐकलं. मास्तर पलीकडं खांबाला जाळी बांधत होते, त्यांना अर्थातच ऐकू गेलं नाही.

मंगळवारी मास्तर सायकल हातात धरून चालत आले. सराव घ्यायला नव्हे. सरळ माझ्यापाशी आले आणि खिशातून शिट्टी काढून माझ्या तळहातावर ठेवली. टॉवेलच्या लाल सुताचा गोफ करून त्यात ती ओवलेली होती.

“अक्का, पोरांनी सांगितलं. तुमच्याकडून आलं म्हणाले, म्हणजे खरंच असणार. तुमचं चुकत नाही. ही नव्या माणसाला द्या. आणि त्याला म्हणावं, बॅकला खेळणारा तो उंच गडी आहे ना, त्याच्यावर चिडू नका. चिडलं की तो घाबरतो.”

“अहो मास्तर, थांबा. अजून कुठं काय ठरलंय…”

त्यांना ऐकू गेलं नाही, की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. सायकलवर टांग मारून गेले. शिट्टी माझ्या हातात, आणि समोर बावीस पोरं माझ्या तोंडाकडं बघत उभी. जीभ हासडून टाकावी असं वाटलं मला. कुणी सांगितलं होतं बोलायला?

तिथून तडक झेरॉक्सच्या दुकानात गेले. “का हो,” मी म्हटलं, “एवढी वर्षं फुकट राबलेल्या माणसाला चादर घालून काढता? आणि तेही शेवटच्या सामन्याच्या तोंडावर? लाज नाही वाटत?”

खजिनदारांच्या हातातला कागद गळाला. “मॅडम, कसली चादर? ती मास्तरांसाठी नाहीये!”

“मग कुणासाठी?”

“शेठसाठी.”

टॉवेलचा एक मोठा कारखानदार, मास्तरांचा मालक नव्हे, दुसराच. क्लबाची सगळी थकबाकी भरतो म्हणाला होता. रविवारी सामन्याआधी मैदानात त्याचा सत्कार करायचा, फोटो काढायचे, चादर त्याच्यासाठी होती. माझा जीव भांड्यात पडला. चुकले होते मी, आणि चुकण्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

“म्हणजे मास्तर राहणार ना?”

खजिनदार मशिनचं झाकण उघडायला लागले, मिटायला लागले. आत कागद नव्हता तरी हिरवा उजेड इकडून तिकडं फिरत होता. “शेठची एक अट आहे, मॅडम. त्यांचा भाचा कोचिंगचा कोर्स करून आलाय. रविवारपासून टीम त्याच्याकडं द्यायची. कमिटी शुक्रवारी ठरवणार आहे. पण… फी कुठून भरायची हो?”

म्हणजे माझं कारण चूक होतं आणि निकाल बरोबर. घ्या! ड्रायव्हरसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, “बाई, ज्याचा पैसा त्याचा म्हास्तर. कारखान्यात काय, क्लबात काय, समदीकडं त्येच.”

त्या रात्री मी शिट्टी देवघरातल्या फळीवर ठेवली. सकाळी दिवा लावताना पुन्हा दिसली. आणि त्या दिवशी बुधवार होता, आमच्या भिशीचा.

आमची भिशी वीस बायकांची. दर महिन्याला प्रत्येकीनं ठरलेली रक्कम आणायची, सगळी मिळून एकीनं न्यायची. हिशेबाची वही माझ्याकडं, कारण क्लार्कचा हात अजून चालतो. त्या महिन्याचा नंबर कडक भाकरी करून विकणाऱ्या बाईचा होता. ती मूळची वेळापूरकडची, आवाज असा की गल्लीच्या टोकाला उभं राहून बोलली तरी स्वयंपाकघरात कळावं. तिला त्या पैशातून भाकरीसाठी मोठी शेगडी घ्यायची होती.

उपमा झाला, चहा झाला. मी घसा खाकरला आणि शिट्टी मधोमध सतरंजीवर ठेवली. सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली, लपवली नाही. मग म्हटलं, “आपल्या भिशीत एकविसावा मेंबर घेऊ या. आपला क्लब. या महिन्याचा नंबर त्याला द्यायचा, आणि पुढं दर महिन्याला त्यानंही आपल्यासारखा हप्ता आणून द्यायचा. कुणाचा पैसा बुडणार नाही. बुडला तर माझ्या पेन्शनीतून कापा.”

एकजण म्हणाली, “फुटबॉलमध्ये आपलं काय काम गं?” भाकरीवालीनं मात्र शिट्टी उचलून उलटीपालटी करून बघितली.

“ताई, ह्यो मास्तर म्हंजी सायकलवाला का? कानानं कमी हाय त्यो?”

“हो, तेच.”

“रोज दोन भाकरी नेतो माज्याकडनं. परवा म्या इचारलं, आज चटनी नको व्हय? तर म्हनला, नको, आज पोरांना केळी न्यायची हायती.” तिनं शिट्टी खाली ठेवली. “शेगडी एक म्हयना थांबंल. त्यो मानूस थांबनार न्हाय. द्या पैशे. पन रविवारी आमी समद्याजनी बगायला येनार. आमच्या पैशाचं काय हुतंय ते आमाला बगाया पायजे की!”

मी रडले तिथं. सरळ पदर तोंडाला लावून रडले.

शुक्रवारी कमिटीची सभा खजिनदारांच्या दुकानातच होती. सहा पुरुष आणि दोन झेरॉक्स मशिनं. मी स्टीलचा डबा काउंटरवर ठेवला आणि झाकण काढलं. एक सभासद म्हणाले, “मॅडम, क्लब भिशीत? हे कुठल्या नियमात बसतं?”

“कुठल्या नियमात बसत नाही ते दाखवा,” मी म्हटलं. “मी थांबते.”

तेवढ्यात खजिनदारांचा फोन वाजला. शेठचाच. त्यांच्या कानावर बातमी गेली होती. फोनमधला आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता, “काय हो, बायकांच्या भिशीवर क्लब चालवणार का आता?”

खजिनदारांनी डब्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. आयुष्यात कधी कुणाला उलटून न बोललेला तो माणूस ताठ बसला आणि म्हणाला, “हो. हप्त्यानं.” फोन ठेवला आणि स्वतःच घाबरून पाणी प्याला. आम्ही टाळ्या वाजवल्या, त्या ‘नियम’वाल्या सभासदानंही वाजवल्या. फी शनिवारची वाट न बघता त्याच दिवशी भरली.

आता मास्तरांना आणायचं होतं. मी रिक्षा करून त्यांच्या कारखान्यात गेले. आत पाऊल टाकलं आणि बाई गं! चाळीस माग एकदम चालू. माझाच आवाज मला ऐकू येईना, तिथं मास्तरांना काय ऐकू जाणार! ते टोकाच्या एका मागात डोकं घालून बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर बघितलं. मी पिशवीतून शिट्टी काढून त्यांच्यासमोर धरली आणि तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. बोलून काय उपयोग? मग मी शिट्टी गळ्यात घातली, आणि दोन्ही तळवे आपल्याकडं ओढले.

आत या.

मास्तर बघतच राहिले. मी पुन्हा खूण केली. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, तेलाचे हात पायजम्याला पुसले, आणि माझ्या गळ्यातून शिट्टी काढून घेतली. त्यांचे डोळे भरले होते, माझेही. शेजारच्या मागावरचा कामगार आमच्याकडं असा बघत होता, जणू या दोघांना वेड लागलंय.

रविवारी दुपारी कट्ट्यावर वीस बायका आल्या. डबे, पाण्याच्या बाटल्या, शेंगाचटणी, सगळं घेऊन. ड्रायव्हरसाहेबांना बसायला जागा उरली नाही. “बाई, ही मालकमंडळी दिसत्याती,” ते मला हळूच म्हणाले.

“व्हय, मालकच!” भाकरीवालीनं ऐकलं. “सरका तिकडं.”

पहिला अर्धा खेळ बरोबरीत. दुसराही जवळजवळ सगळा बरोबरीत. पुन्हा तेच. इतकं करून पुन्हा तेच! शेवटची काही मिनिटं उरली आणि आम्हाला कॉर्नर मिळाला. भाकरीवाली उठून उभी राहिली आणि तिनं जी बोंब ठोकली, “अहो मास्तर, त्या उंच गड्याला म्होरं घाला की! माडासारका वाडलाय, मागं हुबा राहून काय करतोय?”

मी मास्तरांकडं बघितलं. त्यांची आमच्याकडं पाठ होती. त्यांनी हात वर केला, बॅकच्या त्या उंच पोराकडं बोट दाखवलं आणि तळवा पुढं ढकलला. जा पुढं. पोरगं क्षणभर घाबरलं. मास्तर चिडले नाहीत. पुन्हा तीच खूण केली, सावकाश. पोरगं धावत गेलं. बॉल आला, सगळ्यांच्या डोक्यांवरून त्याचं डोकं वर आलं, आणि बॉल जाळीत!

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी ड्रायव्हरसाहेबांच्या पाठीत धपाटा घातला एवढं आठवतं. खजिनदार मैदानात धावत सुटले. शिट्टी वाजली, सामना संपला, आम्ही जिंकलो होतो. जिंकलो! वरच्या गटात राहिलो. पोरांनी मास्तरांना उचललं, आणि वीस बायका ‘आमी सांगितलं म्हनून झालं’ असं एकमेकींना सांगत नाचत होत्या. त्या आजही तसंच सांगतात. मास्तरांना दहा पावलांवरचं ऐकू येत नाही हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. बघा, मलाही गप्प बसता येतं.

तेवढ्यात खजिनदारांनी पिशवी आणली. चादर, नारळ, फेटा. शेठ काही आले नव्हते. “वाया कशाला घालवायचं,” ते म्हणाले आणि चादर उलगडून मास्तरांकडं निघाले. मास्तर दोन पावलं मागं उडाले.

“नको नको! चादर नको! अक्का, सांगा की ह्यांना. चादर घातली की माणूस जातो!”

सगळे इतके हसलो की पोट धरून बसायची पाळी आली. भाकरीवालीनं मात्र खजिनदारांच्या हातातून चादर घेतली, झटकली आणि कट्ट्यावर अंथरली. “सिमिट लई तापलंय,” ती म्हणाली, आणि शेठच्या खांद्यासाठी आणलेल्या त्या भारीतल्या चादरीवर सगळ्याजणी ऐसपैस बसल्या. नारळ फोडून खोबरं वाटलं.

खोबरं चघळत भाकरीवालीनं मैदानाकडं बघितलं. कपाळाला आठी घातली. “ताई, जिकलो ते झाकच झालं. पन त्या आदीच्या समद्या म्याची बरोबरीतच का ओ? फुडच्या हंगामाला ह्योच मास्तर ठेवायचा, का इचार करायचा कायतरी?”

घ्या! चादरीवर बसून पाच मिनिटं झाली नव्हती. मी ताडकन उठले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “विचारबिचार काही नाही! आमचा मास्तरांवर पूर्ण विश्वास आहे!”

ड्रायव्हरसाहेबांनी खोबऱ्याचा तुकडा खाली ठेवला. “आरारा, बाई,” ते म्हणाले, “काय बोलून बसलासा ह्ये!”

मास्तर माझ्या अगदी शेजारी उभे होते. या वेळी त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि मान खाली घालून, हसू दाबत, माझ्या पुढं धरली. मी त्यांची मूठ शिट्टीसकट मिटवली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.